धुऱ्यावरचा पळस

भिवापूर ओलांडून नागभीडकडे निघालो तेव्हा मार्च नुकताच लागला होता आणि धानाची कापणी होऊन कोरड्या पडलेल्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे शेतांच्या बांधांवर, पळस ऐन बहरात होता. झाडावर पान म्हणून उरले नव्हते. वाकड्यातिकड्या, राखी फांद्यांना नुसती शेंदरी फुले लगडली होती. एक फूल हातात घेऊन पाहिले. काळपट, मखमली पेल्यातून पाच पाकळ्या बाहेर आलेल्या असतात; त्यांतील एक पाठीमागे उलटते, दोन बाजूंना राहतात आणि उरलेल्या दोन जुळून पोपटाच्या चोचीसारख्या वळतात व पुंकेसर झाकून ठेवतात. सुगंध जवळजवळ नाहीच, कारण या झाडाची भिस्त पक्ष्यांवर आहे. मधासाठी शिंजीर, साळुंक्या डोके आत घालतात आणि जाताना पराग घेऊन जातात.

रस्त्याकडेला छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी होती. जवळच मोहफुले वेचणाऱ्या आजी म्हणाल्या, "फुलाचं का करता भाऊ, पानं येऊ द्या, मंग या." त्यांचे म्हणणे मला तंतोतंत पटले. होळीला फुले उकळून रंग करतात खरा; पण गावाचा खरा व्यवहार नव्या पालवीनंतर सुरू होतो. त्रिदलातले मधले पान सर्वांत मोठे. ती पाने एकावर एक ठेवून बांबूच्या बारीक काड्यांनी टाचली की पत्रावळ होते. पोळ्याला दारासमोर ठेवायचे मेढे, म्हणजे फांद्या, याच झाडाचे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असे ओरडत ते गावाबाहेर नेऊन टाकतात.

मला अधिक नवल वाटले ते लाखेचे, म्हणजे फांद्यांवर किडे तयार करतात त्या राळेचे. पळसावरच्या लाखेला रंगीनी म्हणतात आणि तिची वर्षाला दोन पिके निघतात: जुलैत बीज, म्हणजे लाखेचे किडे असलेल्या काड्या, झाडाला लावले की कार्तिकाच्या सुमारास कतकी, आणि त्यानंतर लावलेली बैसाखी पुढच्या उन्हाळ्याअखेर. लाखेच्या किड्याला रस शोषण्यासाठी कोवळ्या फांद्या लागतात, म्हणून झाड आधी छाटावे लागते. असे छाटलेले खुजे पळस फुलाच्या मोसमात फारसे देखणे दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी कोणी गाडी थांबवत नाही. धुऱ्याच्या मालकाला मात्र त्यांचेच मोल अधिक.