दोरूच्या खोऱ्यात: जाताना उजवी खिडकी पकडा

पोर्तुगालमधल्या पोर्तोहून पिन्यांवला जाणारी रेल्वेगाडी पहिला तासभर अगदीच साधी वाटते. मग ती दोरू नदीच्या काठाला लागते आणि डब्यातली सगळी माणसं उजवीकडे सरकतात. मी डावीकडे बसलो होतो, समोर खडक. म्हणून जाताना उजवी खिडकी पकडा, येताना डावी. काही गाड्या वाटेतल्या रेग्वा स्टेशनवर बदलाव्या लागतात, तेवढं आधी पाहून ठेवा.

पिन्यांव म्हणजे नदीकाठचं चिमुकलं गाव. स्टेशनच्या भिंतींवर निळ्या फरश्यांची २४ चित्रं आहेत, ती बघितल्याशिवाय बाहेर पडू नका. गावामागचा डोंगर मात्र भर दुपारी चढू नका. मी सप्टेंबरात एक वाजता वरच्या काझाल द लोइवुश गावाला निघालो आणि ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ ही इथली म्हण अंगावर घेतली. सकाळी जा. वरून नदीचं वळण आणि पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे एका नजरेत मावतात.

मळ्यात माती शोधावी लागते. पाटीसारखा, उभ्या चिरा गेलेला शिस्ट दगड. वेलींची मुळं त्या चिरांतून खोल पाण्याकडे जातात. दगड दिवसभर तापतो आणि रात्रीही हाताला कोमट लागतो. या वाइन-प्रदेशाची हद्द १७५६ सालीच सरकारने आखून दिली होती. पोर्ट वाइन इथलीच. रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षाची कडक दारू ओततात. आंबणं थांबतं, गोडी शिल्लक राहते. त्यामुळे ती साध्या वाइनपेक्षा बरीच चढते. मी हे विसरून एका दिवसात दोन किंता, म्हणजे वाइनचे मळे, चव घ्यायला ठरवले. दुसऱ्या मळ्यात सगळे पेले सारखेच लागले! एकच ठरवा, आधी कळवून जा, घोट थुंकायला लाजू नका आणि गाडी चालवू नका.

तोडणीच्या दिवसांत गेलात तर काही ठिकाणी पाहुण्यांनाही संध्याकाळी लगारमध्ये, म्हणजे दगडी हौदात, द्राक्षं तुडवायला उतरू देतात. आधी खांद्यात हात घालून, एका तालात पावलं टाकायची. ‘मोकळे’ असा पुकारा झाला की गाणी आणि नाच. गुडघ्यापर्यंत गार रस, तळव्याखाली बिया. मुक्काम गावातच ठेवा, परतीच्या गाड्या मोजक्याच आहेत. आणि दुसऱ्या दिवशी पांढरे मोजे घालू नका, जांभळा रंग लगेच जात नाही.