सरकार थोडं की अजिबात नको?

दोन लिबर्टेरियन, म्हणजे सरकारने माणसाच्या आयुष्यात आणि बाजारात कमीत कमी लुडबुड करावी असं म्हणणारे, भेटले की पहिल्या कटिंगला सरकारला शिव्या आणि दुसऱ्याला एकमेकांना, हे ठरलेलं. भांडण एकाच मुद्द्यावर. एक म्हणतो सरकार असू दे पण पोलीस, कोर्ट आणि लष्कर एवढंच, बाकी कशात नाक खुपसायचं नाही. त्याला मिनार्किस्ट म्हणतात आणि मी त्यातलाच. दुसरा म्हणतो एवढं तरी कशाला, संरक्षण पण विकत मिळेल की. तो अनार्को-कॅपिटलिस्ट, माझा कॉलेजचा मित्र त्यातला, आणि त्याच्याशी वाद घालण्यात माझे अनेक रविवार गेलेत.

हा वाद काही नवा नाही हां. मोलिनारी नावाच्या बेल्जियन अर्थशास्त्रज्ञाने १८४९ मध्येच विचारलं होतं, की बाकी सगळ्या धंद्यांत स्पर्धा चांगली तर मग सुरक्षेतच मक्तेदारी का? अमेरिकेतल्या लिबर्टेरियन पार्टीत १९७४ साली हे इतकं पेटलं की शेवटी डॅलसला तह झाला, सरकार असावं की नसावं यावर पक्षाच्या जाहीरनाम्यात काहीच बोलायचं नाही. पुण्यात असा तह एक दिवस टिकला नसता.

त्याच वर्षी रॉबर्ट नोझिक या अमेरिकन तत्त्वज्ञाने मिनार्किस्टांच्या बाजूने सगळ्यात हुशार युक्तिवाद मांडला. समजा सरकार नाहीच, लोक आपापल्या संरक्षण एजन्सी लावतात, त्यातली एक हळूहळू त्या भागात मोठी होते, ती इतरांना परस्पर न्याय करायला बंदी घालते आणि बदल्यात त्यांनाही संरक्षण देते, झालं की सरकार तयार, आणि कुणाचा हक्क मोडला नाही. अनार्को-कॅपिटलिस्टांचा गुरू रॉथबार्डने यावर १९७७ मध्ये तुटून पडत विचारलं की असं जन्मलेलं एक तरी सरकार दाखवा. बरोबर आहे त्याचं, सगळी सरकारं तलवारीनेच आलीत.

पण मला हे सगळं नीट कळलं ते बाणेरला, आमच्या गेटवर. आमची सोसायटी आणि शेजारची, मध्ये एकच कॉमन रस्ता, दोघांच्या सिक्युरिटी एजन्सी वेगळ्या, दोघांचे बूम बॅरियर वेगळे. पाणी टँकरचं, सिक्युरिटी आपली, कचऱ्याची गाडीसुद्धा आपणच लावलेली, म्हणजे मित्राच्या स्वप्नातला स्वर्गच म्हणा ना. पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावरून दोन्ही वॉचमन एका रात्री समोरासमोर, शिट्ट्या वाजवून बिल्डिंगी जागवल्या, मग दोन्ही चेअरमन नाइट सूटमध्ये खाली आले आणि दहा मिनिटांत ठरलं, आमच्या भिंतीकडे शनिवार-रविवार, त्यांच्याकडे बाकीचे दिवस. मित्राला सांगितलं तर तो उड्याच मारायला लागला, म्हणाला अरे आमचा अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड फ्रीडमन हेच तर सांगतो, मारामारी महाग पडते म्हणून एजन्सी आपसात तोडगा काढतात.

हो, काढतात. पण त्याच तोडग्यात अजून एक कलम होतं, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची गाडी हलवायची, कारण तिथे आता पार्किंग. त्याला कुणी विचारलं नाही, कारण तो कुठल्याच एजन्सीचा कस्टमर नव्हता. दोन बरोबरीच्या पार्ट्या असतील तर बाजार छान न्याय करतो, तिसरा कमजोर असला की त्याचा बिनबोभाट निकाल लागतो. माझा सगळा मिनार्किझम इथे उभा आहे, ‘सरकार नसेल तर अनागोंदी माजेल’ वगैरे भीतीवर नाही.

मित्र ऐकणाऱ्यातला नाही. म्हणतो, फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे ना, सरकार पण आहे, मग आलं का कुणी त्याच्या बाजूने? आणि तुला पोलीसच ठेवायचेत ना, मग घाशीराम कोतवाल आठव. १७९१ मध्ये याच शहरात त्याच्या कैदेत कोंडलेली माणसं गुदमरून मेली, म्हणजे सरकारचं जे खातं तुला हवंय त्याच खात्याने मारली. मी म्हटलं, आणि मग त्याला दगडांनी ठेचून कुणी मारलं, जमावाने, तो न्याय तुला चालतो का? यावर दोघंही थोडा वेळ गप्प, मग त्याने त्याचा हुकमी एक्का काढला, आइसलँड.

खरंच भारी प्रकरण आहे ते. ९३० पासून १२६२ पर्यंत तिथे कायदा होता, कोर्ट होतं, पण निकाल अमलात आणणारं सरकार नव्हतं. सरदार ज्याने त्याने आपल्या पसंतीने निवडायचा, आणि तुमचं नुकसान झालं पण वसूल करायची ताकद नसेल तर तो दावा दुसऱ्या ताकदवान माणसाला देऊन टाकता यायचा. म्हणजे इस्त्रीवाला आपला दावा एखाद्या वकिलाला विकू शकला असता! हे उत्तर मला आवडलं, खोटं कशाला बोलू. फक्त पुढे काय झालं तर ती सरदारकी चार-दोन घराण्यांच्या हातात गेली, त्यांच्यात रक्तपात झाला, आणि शेवटी नॉर्वेच्या राजाला शरण गेले. मित्र म्हणतो तीनशे वर्षं टिकलं ना, तुमच्या अमेरिकेने १७८७ ला घटना लिहून सरकार बांधून घातलं आणि १९१३ ला घटनादुरुस्ती करून इन्कम टॅक्स आणला, एवढीच तुमची मर्यादा.

हा घाव वर्मी बसतो. कागदावर सरकार बांधता येत नाही हे मान्यच करायला हवं. त्याला अडवायला माणसं लागतात, १९८० ला चाकणला कांद्यासाठी शरद जोशींच्या मागे हायवेवर बसली तशी. तेच जोशी पुढे स्वतंत्र भारत पक्ष काढतात, सरकारने बाजारातून हात काढावा म्हणतात, पण पोलीस-कोर्ट बंद करा असं काही म्हणत नाहीत. सरकारला निदान असं रस्त्यावर बसून अडवता येतं, मत तरी देता येतं, सिक्युरिटी एजन्सीला कोण अडवणार?

मित्र म्हणतो, सोपं आहे, एजन्सी बदलायची. बदला की, पण त्या करारावर सही चेअरमनची आहे, इस्त्रीवाल्याची नाही.