ती परत गेली, मग तुम्ही काय केलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नकार्यात भेटणारे नातेवाईक विचारतात, तालुक्याला प्रशिक्षण घ्यायला येणाऱ्या मॅडम विचारतात, आणि परवा घरात मार खाणाऱ्या बायकांना मदत करणाऱ्या आमच्याच गटात नव्यानं आलेल्या मुलीनं विचारलं. "एवढी धावपळ केलीत, रात्री-अपरात्री गेलात, आणि ती बाई परत नांदायला गेली. मग उपयोग काय झाला?" दर वेळी मी काहीतरी गुळमुळीत बोलते आणि विषय बदलते. आता एकदाच लिहून टाकते.

पहिली गोष्ट म्हणजे, हा प्रश्न कायम तिच्याबद्दल आणि आमच्याबद्दलच असतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजाऱ्यांनी काय केलं, हे कुणी विचारत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम ४ आहे. असं काही घडलंय, घडतंय किंवा घडेल असं वाटलं तर कुणीही या कायद्याखाली सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर कसलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. कायदा लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ ला. तरी "आपण कशाला मध्ये पडायचं" हे वाक्य मी आजही ऐकते, तेही आम्हाला "उपयोग काय" विचारणाऱ्यांच्याच तोंडून. आम्हाला कळतं ते आशाताईकडून, अंगणवाडी सेविकेकडून, कधी शाळेतल्या बाईंकडून. शेजारी टीव्हीचा आवाज वाढवतात.

असं तावातावानं बोलून झालं की मनातून जरा ओशाळते, कारण हाच प्रश्न मीही विचारायचे. गटात आले तेव्हा माझं गणित सोपं होतं, बाहेर पडली म्हणजे सुटली. बाईला माहेरी पोचवलं की काम फत्ते. तिसऱ्या महिन्यात भावजय भांडी आपटायला लागते, ते बघायला आमच्यापैकी कुणी जात नव्हतं.

आता जिच्यावरून तुम्ही सगळे विचारता, तिच्याबद्दल. नाव लिहिणार नाही, गावही नाही.

ती आली तेव्हा कडेवर धाकटा, हाताला मोठी, आणि पिशवीत मोठीचं दप्तर आणि गॅसचं पुस्तक. बाकी काही नाही. गॅसचं पुस्तक का, तर घरातला तेवढाच एक कागद तिच्या नावावर होता. डावा हात कोपरापासून सुजलेला. सरकारी दवाखान्यात सोबत आलेल्या चुलतसासूनं "पायरीवरून पडली" असं सांगून टाकलं आणि डॉक्टर तसंच लिहायला लागले. तेव्हा ही पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. "पडले नाही, दांडक्यानं मारलंय." डॉक्टरांनी खोडून परत लिहिलं. दुसऱ्या दिवशी संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊन घटनेचा अहवाल भरला, ज्याला सगळे डीआयआर म्हणतात. इथवर तुम्हाला आवडेल अशीच गोष्ट आहे.

मग बैठक बसली. नवऱ्याचा चुलता गावच्या तंटामुक्ती समितीत. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली. बांधावरची, वाटणीची भांडणं गावातच मिटावीत म्हणून ती चांगलीच आहे, मी नावं ठेवत नाही. पण गाव तंटामुक्त ठरलं की बक्षीस मिळायचं, आणि मार खाल्लेली बाई तक्रार करते तेव्हा तीही एक तंटाच ठरते. तिला गप्प केलं की गाव शांत. चुलता म्हणाला, "हात उचलायला नको होता, मान्य. पण ही पण तोंड चालवते." मी कायद्याखालचे नियम छापून नेले होते. नियम १४ मध्ये स्पष्ट आहे की समुपदेशनात मारहाणीचं समर्थन ऐकूनच घ्यायचं नाही, आणि हे नवऱ्याला आधीच सांगायचं. चुलता शांतपणे म्हणाला, "ताई, हे कोर्ट नाही." त्याचं बरोबर होतं. तो नियम कोर्टानं नेमलेल्या समुपदेशकासाठी आहे, पारावरच्या पंचांना तो लागू होत नाही. मला तिथंच उठून यावंसं वाटलं.

शंभराच्या स्टॅम्प पेपरवर हमीपत्र लिहिलं गेलं. यापुढे दारू पिणार नाही, पत्नीस मारहाण करणार नाही, "व पत्नीनेही पती व सासू यांच्या आज्ञेत राहावे." हमी तो देणार आणि अट हिच्यावर! ते शेवटचं वाक्य काढायला लावण्यात आमची अख्खी दुपार गेली. शेवटी काढलं.

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, जाऊ नकोस. कोर्टाचा आदेश मिळेपर्यंत थांब. तिचा भाऊ समोरच उभा होता, म्हणाला, "दाजी तसे मनानं चांगले आहेत." त्याच्या बोलण्याचा अर्थ, आमच्याकडे खोली एकच आहे. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, सोमवारी पोरीला शाळेत सोडायला तुम्ही येणार का?" मी येऊ शकत होते. सोमवारी. मंगळवारीही कदाचित. तिला जे विचारायचं होतं ते सोमवारचं नव्हतंच.

ती गेली. मग आम्ही काय केलं, हा तुमचा प्रश्न. डीआयआर आणि दवाखान्याच्या कागदाच्या प्रती अंगणवाडीताईंच्या कपाटात ठेवल्या. तिचं नाव बचत गटात घातलं. यावर तुम्ही हसता, मला माहीत आहे. पण हप्ता भरायला महिन्यातून एकदा घराबाहेर पडण्याला सासूसुद्धा नाही म्हणू शकत नाही, कारण कर्ज त्या घरालाही हवं असतं. हप्त्याच्या दिवशी ती यायची, सही करायची, आणि आम्ही तिचे हात बघायचो. एकदा ती आली नाही. त्याच संध्याकाळी आम्ही पासबुकावर सही राहिलीय असं सांगत तिच्या दारात.

त्यानं परत मारलं होतं. हमीपत्र घेऊन पोलीस चौकीवर गेलो, तर ते बघून परत हातात दिलं. त्यांचंही चूक नव्हतं, पंचांसमोरची हमी मोडली म्हणून कुणाला पकडता येत नाही. अंगणवाडीताईंच्या कपाटातले कागद मात्र कामाला आले. त्याच २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली कोर्टात अर्ज गेला. पहिली तारीख तीन दिवसांत लागावी आणि साठ दिवसांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. आमच्या तारखांचं मी बोलत नाही, रक्तदाब वाढतो. पण संरक्षणाचा आदेश मिळाला आणि त्याच घरात राहण्याचाही. संरक्षणाचा आदेश मोडला तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे त्याला नीट समजलं. चुलत्याला जास्तच समजलं.

तर ती आजही तिथंच आहे, आणि तो मारत नाही. कुणी म्हणेल, बघा, जमलं. थांबा. तो तिच्याशी बोलत नाही. घरखर्चाला पैसे देत नाही, दुधाचे पैसे थेट डेअरीतून उचलतो. पैशाची अशी कोंडीही त्याच कायद्यानं हिंसाचारच आहे, मी तिला कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आता परत कोर्टाची पायरी नको." पूर्वीची मी असते तर तिला भित्री म्हणाले असते. आजची मी म्हणत नाही, पण घरी जाताना चिडचिड झालीच. तिच्यावर झाली, हे खोटं कशाला लिहू? कधी वाटतं, पूर्वीचीच मी बरोबर होते, त्या बैठकीतून तिचा हात धरून ओढत आणायला हवं होतं. मग आठवतं, ओढत आणणारे तिच्या आयुष्यात आधीच पुष्कळ होते. कधी हे पटतं, कधी ही नुसती पळवाट वाटते.

आमच्या वहीत शेवटचा रकाना आहे, "सद्यस्थिती". तिच्या नावापुढे तो कोरा आहे. गटातल्या एका ताईंचं म्हणणं, मारहाण थांबली ना, "मिटले" लिहा आणि नव्या केसला वेळ द्या. मी लिहू देत नाही. त्यावरून आमच्यात गेल्या बैठकीत आवाज चढले, या बैठकीतही चढतील. तुम्हाला उत्तर हवंच असेल तर तेव्हा येऊन बसा, आणि त्या रकान्यात काय लिहायचं ते तुम्हीच सुचवा.