वाटणीत आलेलं बरड

मामा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ, पंधरा दिवसाला एकादशी, आषाढीची वारी. आणि जालन्याजवळच्या त्यांच्या रानात गेली पंचवीसेक वर्षं द्राक्षाची बाग आहे. यात विसंगती काही नाही, द्राक्ष हे शेवटी फळच. पण गेल्या दिवाळीत फ्रान्सहून आलेल्या नातवाने आजोबांपुढे वाइनची बाटली ठेवली, तेव्हा मात्र घरात पंचाईत झाली. मामींनी ती पदराने धरून उचलली आणि देवघरापासून सगळ्यांत लांबची जागा शोधून, मागच्या ओसरीत फवारणीच्या औषधांशेजारी नेऊन ठेवली. "विषापाशी विष," एवढंच बोलल्या.

नातू लियाँला शिकतो. तिथून उत्तरेला बर्गंडी हा वाइनचा मुलूख लागतो. सप्टेंबरात तिथल्या एका मळ्यावर तो पंधरा दिवस मजुरीने द्राक्षं तोडायला गेला होता. हे ऐकून मामा आधी खूश झाले, मग म्हणाले, "हितं तोडणीला बोलवलं की पोटात दुखायचं तुझ्या." मळा एका कुटुंबाचा. बाप, दोन पोरं, एक सून, सगळे रानात आणि सगळे तळघरात. निरोप घेताना म्हाताऱ्या मालकाने विचारलं, तुझे आजोबा काय करतात? द्राक्षं पिकवतात, म्हटल्यावर तो तळघरात गेला आणि ही बाटली घेऊन वर आला. धूळ न पुसता दिली म्हणे.

बाटली बघायला मामा मागच्या ओसरीत गेलेच. बघायला माळेची आडकाठी नाही. चष्मा लावून त्यांनी लेबल न्याहाळलं आणि शेतकऱ्याचा पहिला प्रश्न विचारला, "वाण कोणतं?"

"लिहिलेलं नाही, आजोबा. पिनो न्वार आहे. तिकडं तांबड्या वाइनला तेच असतं, म्हणून लिहीत नाहीत."

"मंग लिहितात काय?"

"गावाचं नाव, वोल्ने. खाली रानाचं नाव. मालकाचं नाव. साल."

"म्हंजी सातबारा," मामा म्हणाले.

वाइनविषयी मी आजवर जे काही वाचलं आहे त्यात बर्गंडीच्या लेबलाचं इतकं नेमकं वर्णन मला कुठे सापडलेलं नाही. आपण बाजारात द्राक्ष घेतो ते सोनाका, थॉमसन, शरद अशा वाणाच्या नावाने. बर्गंडीत वाण जवळजवळ ठरलेलं, तांबडीला पिनो न्वार, पांढरीला शार्दोने. मग एका बाटलीत आणि दुसरीत फरक कशाचा? रानाचा. एकच वाण, एकच हात, तोच माणूस दारू करणारा, पण बांधाच्या अलीकडची चव वेगळी आणि पलीकडची वेगळी. अशा नावाच्या एकेका तुकड्याला ते 'क्लिमा' म्हणतात. शब्द तोच, ज्याचा अर्थ हवामान. मला ही गोष्ट फार आवडली. हवामान म्हणजे टीव्हीवर सांगतात ते नव्हे, या चार बांधांच्या आत जे असतं ते. 2015 साली युनेस्कोने असे 1,247 तुकडे जागतिक वारशात घेतले.

तुकड्यांना नावं असणं आपल्याला नवं नाही. गट नंबर सरकारला लागतो. घरात कुणी "गट नंबर अमुकमध्ये नांगर चालू आहे" असं म्हणत नाही. चिंचेचं, खारी, पट्टी, देवीचा माळ, म्हसोबाचं. तिकडचं शांबर्तां हे जगभर गाजलेलं नाव, त्याचा अर्थ 'बर्टिनचं शेत' असा सांगतात. बर्टिन म्हणजे त्यांच्याकडचा कुणी तात्या असणार. पेरियेर म्हणजे दगडाच्या खाणीचं. आणि आमच्या बाटलीवर जे रान होतं, कायेरे, ते खड्यांवरून पडलेलं नाव. नातवाने तिथला फोटो दाखवला. पांढरट खडे, मधे मधे माती, त्यात गुडघ्यापर्यंतच्या वेली.

मामा बराच वेळ फोटो बघत राहिले. मग मोबाइल परत देत म्हणाले, "हे तर मपलंच बरड हाय की."

याला मागची एक गोष्ट आहे. माझ्या आजोबांच्या, म्हणजे मामांच्या वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या तेव्हा नदीकाठची भारी काळी जमीन थोरल्या मामांनी घेतली आणि धाकट्याच्या वाट्याला टेकडीच्या पोटचं बरड आलं. वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली खडक. काळीत कापूस डोक्याएवढा व्हायचा, बरडावर कुसळी. आमच्याकडे सोयरीक जुळवतानाही लोक विचारतात, काळी किती? बरडाला कुणी पोरगी देत नाही. मामींच्या माहेरी काय सांगितलं होतं हा त्यांच्या घरातला अजूनही न मिटलेला वाद आहे. मामांनी त्या बरडावर शेततळं खोदलं, ठिबक टाकलं आणि द्राक्ष लावलं, ते काही कुठलं फ्रेंच शास्त्र वाचून नव्हे. दुसरं काही येईना म्हणून.

बर्गंडीत भाव बरोबर उलटा. उताराच्या मध्यावरची उथळ, खडकाळ जमीन सगळ्यांत मोलाची, आणि खालच्या सपाटीवरची भारी जमीन साधारण वाइनची. कारण सरळ आहे. भारी माती पाणी धरून ठेवते. वेल मग सुखावते, पाला काढते, शेंडे धावतात, मणी पाण्याने फुगतात. हलक्या जमिनीत पाणी निघून जातं, वेलीला थोडी ओढ बसते, शेंडा थांबतो, मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, आणि वाइनचा रंग, तुरटपणा, पुष्कळसा वास सालीतच. खाण्याच्या द्राक्षाला टपोरा मणी हवा, म्हणून मामांना बरडावर पाणी आणि संजीवकं देऊन मणी फुगवावा लागतो. तिकडे तोच मणी लहान राहावा म्हणून धडपड.

"पाणी किती देतात?" मामांचा पुढचा प्रश्न.

"द्यायचंच नाही. नियम आहे."

"कोरडवाहू?" मामांनी मामींकडे असं बघितलं की जणू कितीतरी वर्षांपूर्वीच्या सोयरिकीचा निकाल आज लागला.

जाणकार मंडळी वाइनचा घोट घेऊन 'चुनखडीची चव लागते' असं म्हणतात, त्यावर मात्र माझा विश्वास नाही. मुळं दगड चाखत नाहीत. विरघळलेले क्षार तेवढे घेतात, तेही इतके थोडे की जिभेला कळू नयेत. खडकाचं काम पाणी सोडण्याचं आणि धरण्याचं. चुनखडी आमच्याकडे काय कमी आहे? मामांच्या विहिरीचं पाणी इतकं जड की तुरीची डाळ शिजता शिजत नाही, मामी डाळीपुरतं वेगळं पाणी भरून ठेवतात. फ्रान्समध्ये ज्या चुन्याची जाहिरात होते तो आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या वाढवतो.

गमतीचा भाग असा की बर्गंडीची वेल आणि मामांची वेल यांचे पाय एकाच मुलखातले निघतात. 1860च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्समधल्या बागा मुळापासून खाल्ल्या. तेव्हा अमेरिकी रानवेलींच्या खुंटावर फ्रेंच डोळा बांधायचा उपाय निघाला. पण चुनखडीच्या जमिनीत हे खुंट पिवळे पडत. चुना सोसणारा वेल शेवटी टेक्सासात सापडला. आमच्याकडचा डॉगरिज खुंटही टेक्सासचाच, पाण्याची ओढ आणि खारेपणा सोसणारा. म्हणजे जमिनीतून जे यायचं ते आणणारी मुळं दोन्हीकडे परकी. तरी चव मात्र गावाची. हे कोडं मी मामांना घातलं. ते म्हणाले, "सून बी परगावचीच असती." मामींनी भांडं जरा जोरात ठेवलं.

बाटली शेवटी उघडली ती रानातच, शेततळ्याच्या काठावर. घरात शक्यच नव्हतं. बूच काढायचं अवजार नसल्याने एक स्क्रू पिळून घुसवला आणि पकडीने ओढला. अर्धं बूच तुटून आत पडलं. नातवाने कपाळाला हात लावला, त्याला म्हणे तिथे यासाठी वेगळा पेला आणि वेगळं मौन शिकवलं होतं. आम्ही स्टीलच्या पेल्यात, चहाच्या गाळणीने गाळून ओतली.

मला पहिल्या घोटाला ती पातळ वाटली आणि आंबट. आपल्याकडे वाइन म्हटलं की लोकांना गोडसर काहीतरी अपेक्षित असतं. दुसऱ्या घोटाला अर्धकच्च्या करवंदाची आठवण झाली, आणि मागून पावसात भिजून पडलेल्या पाल्याचा वास आला. मामांनी डाव्या हाताने माळ मागे सारली, उजव्या हाताने पेला नाकाशी धरला, डोळे मिटले. "आंबटाला धरून हाय," म्हणाले, आणि पेला मला दिला.

तो आंबटपणा सूर्याचा हिशेब आहे. बर्गंडी 47 अंश उत्तरेला. तिथे वेल हिवाळ्यात मेल्यासारखी झोपते, वसंतात फुटते आणि फळ पिकतं ते दिवस लहान आणि रात्री गार होत जाताना. साखर हळूहळू चढते, आंबट टिकून राहतं. आपण 20 अंशांच्या अलीकडेपलीकडे. आपल्या वेलीला झोपच नाही, ती कात्रीने झोपवावी आणि कात्रीने उठवावी लागते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर पेस्ट. थंडीत वाढ होते आणि फळ पिकतं फेब्रुवारी-मार्चात, नेमकं ऊन वर चढत असताना. उष्णतेत, त्यातही उबदार रात्रीत, वेल मण्यातलं आंबट जाळून टाकते. खायच्या द्राक्षाला हे वरदान. वाइन करणाऱ्याची मात्र घाई उडते, चार दिवस उशीर झाला की गोडी राहते आणि धार जाते. म्हणून आपल्याकडे वाइनची द्राक्षं पहाटेच्या गारव्यात तोडतात.

माझ्या छत्रपती संभाजीनगरच्या घरापासून दौलताबाद अर्ध्या तासावर. तुघलकाने दिल्लीहून राजधानी इकडे हलवली, त्या धामधुमीत द्राक्ष दक्षिणेत आलं असं सांगतात. त्याच शतकात इब्न बतूता तिथे येऊन गेला आणि त्याने लिहून ठेवलं, की इथे द्राक्षं नि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा फळ देतात. थंड मुलखातली वेल आपल्या उन्हात येऊन झोपायचं विसरली, त्याची ती पहिल्या हाताची साक्ष. तुघलकाला राजधानी परत न्यावी लागली. वेल राहिली.

तर, साल. लेबलावर होतं 2014.

मामांनी तो आकडा पुन्हा वाचला. "गारपिटीचं साल."

फेब्रुवारीच्या शेवटी सुरू झाली आणि मार्चात सुरूच राहिली ती गारपीट मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. मी त्या आठवड्यात गावी गेलो होतो. तोडणीला आलेली बाग. वेलीवर नुसत्या काड्या, खाली चिखलात फुटलेले मणी, आणि त्यांचा आंबूस वास दोन दिवसांतच सुटलेला. तीही एक वाइनच म्हणायची. मामा ओळीतून चालत होते आणि एकही शब्द बोलत नव्हते. नंतर पंचनामा झाला, मदत आली ती कशी आणि किती हे सांगण्यात अर्थ नाही.

"आजोबा, तिकडंपण," नातू म्हणाला. "मालकाने सांगितलं. त्याच साली, 28 जूनला. वोल्ने, पोमार, बोन, सगळ्या पट्ट्यात गारा. लागोपाठ तिसरं वर्ष होतं त्यांचं."

मामा तळ्याच्या पाण्याकडे बघत होते. "मंग ही बाटली कशाची?"

"उरलेल्याची. सप्टेंबर चांगला गेला, जे राहिलं ते पिकलं."

त्या म्हाताऱ्याने तळघरात एवढी सालं असताना नेमकं हेच का काढलं, हे नातवाला ठाऊक नाही. हाताला लागलं म्हणूनही असेल.

बोन गावात 1354 पासूनच्या तोडणीच्या तारखांची नोंद आहे. ती बघितली तर 1988नंतर तोडणी सरासरी 13 दिवस अलीकडे आलेली दिसते. इकडे मामांच्या ओसरीत एका खिळ्याला जुनी कॅलेंडरं अडकवलेली आहेत, एकही फेकलेलं नाही. छाटणी अमुक तारखेला, पाऊस एवढा, टँकर आला, पहिली गाडी गेली. 2014च्या मार्चच्या पानावर फक्त तारखांभोवती गोल आहेत, मजकूर नाही. वाइनवाले 'साल चांगलं होतं' म्हणतात तेव्हा ते असंच काहीतरी वाचत असतात.

फरक एवढाच, की मामांचं साल कुठे पोचत नाही. बरडावरचं द्राक्ष आणि थोरल्या मामांच्या पोरांनी आता काळीत लावलेलं द्राक्ष व्यापाऱ्याच्या एकाच क्रेटमध्ये पडतं. रंग, मण्याची जाडी आणि गोडी यावर भाव. रानाचं नाव बांधावरच राहतं. मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना भौगोलिक मानांकन मिळालं ते चांगलंच झालं, पण ते जिल्ह्याचं नाव, प्रदेशाचं नाव. बरडाचं नव्हे.

बर्गंडीतही वाटण्या सुटलेल्या नाहीत हे मात्र मी मामांना मुद्दाम सांगितलं. 1804च्या नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या वारसांना वाटा आला आणि रानांचे पट्टे पडत गेले. क्लो द वूजो नावाचं 50 हेक्टरचं एक रान, भोवती एकच दगडी कुंपण, आत 80च्या वर मालक. कुणाकुणाच्या वाट्याला मोजक्या ओळी.

"ऐंशी?" मामा एकदम उजळले. "मंग बांधावरून भांडणं?"

"आत बांधच नाहीत म्हणे."

"मंग तर जास्तच असतील."

अंधार पडला तसे आम्ही उठलो. नातवाने बाटली विसळली आणि उकिरड्याकडे निघाला, तर मामींनी आवाज दिला, जाड काचेची बाटली कुणी टाकतं का. गरम पाण्याने तीनदा, राखेने एकदा घासून घेतली. मार्चात मी पुन्हा गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात आली होती, देवघराच्या भिंतीलाच लागून. आत घाण्यावरून काढून आणलेलं करडईचं तेल. करडई बरडाच्या वरच्या कडेला, जिथे ठिबक पोचत नाही तिथली. लेबल जागच्या जागी आहे, फक्त तेलाने 2014 जरा पुसट झालंय.