नको होती ती रात्र

आज शेजारच्या सुनेसोबत अंगणवाडीत गेले होते. बाळाचा अडीच महिन्यांचा पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचा डोस होता, तोही पंधरा दिवस लांबलेला. दीड महिन्याच्या डोसनंतर बाळ रात्रभर तापलं, मांडीला गाठ आली आणि घरात सगळ्यांनी तिलाच बोल लावला. सासू-सून दोघी विड्या वळतात. तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन हजार विड्या पुऱ्या होत नाहीत, आणि विड्या नाहीत तर मजुरी नाही. लस नको असं त्या घरात कुणीच म्हणत नव्हतं हो. नको होती ती रात्र.

आशाताईंनी हे बरोबर ओळखलं. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब, हिब (न्यूमोनिया, मेंदूज्वर करणारा जंतू) ही नावं सांगितलीच, पण खरा वेळ दिला तापाला. एक-दोन दिवस येऊ शकतो, पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं, गाठ चोळायची नाही, दवाखाना कधी गाठायचा. मागच्या वेळी हे कुणी धड सांगितलंच नव्हतं. फार वाईट वाटलं मला.

निघताना सासूबाईंनी कार्ड पदरात गुंडाळलं. "चार आठवड्यांनी ना पुढचा? आदल्या रात्री पानं मी कापून ठेवते. तू बाळाकडं बघ."