टर्नरचा समुद्र: मेडन लेन ते मार्गेट

समुद्र रंगवणाऱ्या टर्नर या इंग्लिश चित्रकाराच्या बालपणाची वाट धरायची तर थेट मार्गेट हे समुद्रकाठचं गाव गाठू नये. आम्ही लंडनच्या मेडन लेनपासून निघालो. १७७५ साली तो इथे जन्मला. वडील न्हावी, पोराची चित्रं दुकानात लावून एक ते तीन शिलिंगांना विकायचे. मूळ घर आता नाही, २१ नंबरला फक्त पाटी आहे. पाच मिनिटं पुरतात.

तिथून सॉमरसेट हाउस दहा मिनिटांच्या आत. वयाच्या चौदाव्या वर्षी, १७८९ मध्ये, तो तेव्हा इथे असलेल्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या शाळेत दाखल झाला. तेव्हाची प्रदर्शनं भरायची ते वरच्या मजल्यावरचं ग्रेट रूम आज इथल्याच कोर्टोल्ड गॅलरीत आहे. तिकीट लागतं आणि जिना चांगलाच उभा आहे. चित्रं जमिनीपासून छतापर्यंत खेटून टांगलेली असायची. वर गेलेलं चित्र गेलंच म्हणायचं! या गर्दीत नजर खेचायची तर उजेड-अंधाराचा जोर हवा, हे त्या खोलीत उभं राहिल्यावरच कळतं.

मार्गेटला लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनहून जलद गाडीने साधारण दीड तास. अकराव्या वर्षी तो इथल्या शाळेत होता. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच वाळू. टर्नर कंटेम्पररी ही कलादालन-गॅलरी किनाऱ्याने चालत पंधरा मिनिटांवर. प्रवेश फुकट, सोमवारी बंद. नाव वाचून टर्नरची चित्रं बघायला येणारे हमखास हिरमुसतात, कारण गॅलरीचा स्वतःचा कायमचा संग्रह नाही. खरं बघायचं ते बाहेर. भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी ओहोटी असेल असा दिवस निवडा. किनारा पश्चिमेकडे उघडा असल्याने सूर्य पाण्यातच बुडतो आणि ओल्या वाळूत आकाश दुसऱ्यांदा दिसतं. भरतीला हा आरसाच नाहीसा होतो.

लंडनचं टेट ब्रिटन हे कलासंग्रहालय शेवटी. ‘फिशरमेन ॲट सी’, १७९६: अकॅडमीत लागलेलं त्याचं पहिलं तैलचित्र, जेमतेम ९१ बाय १२२ सेंटिमीटर. चित्रं अधूनमधून हलवतात, म्हणून ते भिंतीवर आहे ना, याची खात्री करूनच निघा. आधी लांबून चंद्र बघा, मग जवळ जाऊन होडीतला कंदील. चंद्राचा उजेड गार आणि लांबवर पसरलेला. कंदिलाचा पिवळट, होडीपुरताच. तेवढ्यावरून लाट किती उंच चढली आहे, ते लगेच लक्षात येतं.