शेवटच्या टप्प्याचा आवाज: ड्राइव्हवरचे शॉटिंग फाउल, पुढची नोंद

सुटलं! निदान अर्धं तरी. बास्केटबॉलचा रेफरी म्हणून मागच्या नोंदीत गायलेलं रडगाणं असं: लीडवरून, म्हणजे बास्केटखालच्या रेषेवर उभं राहून, कॉन्टॅक्ट स्वच्छ दिसतो, पण तो ॲक्ट ऑफ शूटिंगमध्ये (शॉट मारण्याच्या क्रियेत) बसतो की त्याआधीचा, तिथे घोडं पेंड खातं.

जंप शॉटचा प्रश्नच नाही. चेंडू बास्केटकडे वर निघाला की ॲक्ट सुरू. ड्राइव्हला, म्हणजे चेंडू घेऊन बास्केटकडे घुसण्याला, फिबाचा (जागतिक बास्केटबॉल महासंघाचा) निकष वेगळा. ड्रिबल संपून चेंडू हातात स्थिरावला आणि शॉटची हालचाल सुरू झाली, की पुढचा धक्का शॉटिंगचा. पावलं किती झाली याच्याशी संबंध नाही. पण हे 'स्थिरावणं' पाहायचं कुठून? ड्राइव्ह करणारा वाकलेला, बचावपटूची पाठ माझ्याकडे, चेंडू दोघांच्या मध्ये गडप.

फोंड्यात सिमेंटच्या कोर्टवर सराव सामना करताना कान कामी आले. टप्पा, टप्पा आणि पुढचा पडलाच नाही, म्हणजे चेंडू हातात आला. नजर मग मोकळी; ती सगळी बचावपटूवर. सरळ वर उडाला की अंगावर आला, शूटरची उतरायची जागा सोडली की नाही. एका अँड-वनची (बास्केटही झाली, वर फाउलचा एक फ्री थ्रो) शिट्टी इतकी नेमकी गेली की ट्रेलवरून, म्हणजे खेळाच्या मागच्या बाजूने, पार्टनर रेफरीने अंगठा दाखवला. कोच ओरडले, ‘पाय जमिनीवर होते रे!’ असू देत. पाय जमिनीवर असतानाही ॲक्ट सुरू झालेला असू शकतो.

फ्री थ्रो किती ते सांगणारी बोटं मात्र लगेच दाखवत नाही. धक्क्यानंतर ड्राइव्ह करणाऱ्याने पास दिला तर तो शॉटिंग फाउल राहत नाही. मग साइड बॉल (रेषेबाहेरून चेंडू आत टाकणं), किंवा क्वार्टरमधला टीमचा पाचवा किंवा त्यापुढचा फाउल असेल तर दोन फ्री थ्रो.

 

अडचण उरलीच आहे. नावेलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये गर्दी तापली की टप्पा कुठला ऐकू येतोय? आणि हवेत पास झेलून थेट घुसणाऱ्याला ड्रिबलच नसतो. त्यासाठी ट्रेलच्या कोनातून व्हिडिओ घ्यायचे ठरवलं होतं, पण हे लिहितानाच सुचलं: मोबाइल बास्केटच्या खांबाला बांधावा. लीडचाच कोन मिळेल. आधी डोळे मिटून नुसत्या आवाजावर निर्णय द्यायचा, मग चित्र पाहून ताडायचं. पुढे आवाज बंद करून तेच. ट्रायपॉडचे पैसे वाचले, रबरी पट्टा घेतो.